शेजारच्या सीटवर डिकीकाका

कुणी नवी गाडी घेतली की लोक आधी रंग बघतात, मग आत डोकावतात, फार झालं तर स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो काढून घेतात. डिकीकाका थेट मागे जातात. डिकी उघडतात, तळाचं कार्पेट उचलतात आणि कमरेत वाकून बराच वेळ आत बघत राहतात. स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, जॅक ठेवायला नीट जागा आहे का, कडेच्या रबरात पाणी साचेल का. "जी जागा कुणी बघत नाही ती ज्यानं नीट केली, त्यानं बाकीची गाडीही नीटच केली असणार," असं त्यांचं म्हणणं. नव्या गाडीचा मालक हातात चावी घेऊन कौतुकाच्या दोन शब्दांची वाट बघत उभा असतो आणि काका त्याच्याकडे पाठ करून आत अर्धे गडप झालेले असतात. हे नाव त्यांना कुणी दिलं ते आता आठवत नाही, पण शोभतं त्यांना.

पोटापाण्याचा धंदा मात्र गाड्यांचा नाही. काकांचं सलून आहे, चौकातल्या सिग्नलसमोर, दोन खुर्च्यांचं. दुसऱ्या खुर्चीवरचा भागीदार कधीच निवृत्त झाला. आता त्या खुर्चीवर गाड्यांच्या मासिकांचा गठ्ठा बसलेला असतो. दुकानाला पूर्ण भिंतभर आरसा आहे आणि त्या आरशात सिग्नलला थांबणारी प्रत्येक गाडी दिसते. काकांनी आयुष्यभर गाड्या अशा उलट्याच पाहिल्या. उलटी नंबर प्लेट ते सरळ प्लेटपेक्षा लवकर वाचतात.

गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, गाड्या राहतात. "ती करडी हॅचबॅक येऊन गेली का? कल्ले फार वाढलेत तिचे," असं ते सहज म्हणतात. आणि एकदा का गळ्याभोवती कापड गुंडाळून तोंडाला फेस लावला, की समोरच्याचा मतभेदाचा अधिकार संपला.

"चेहरे बघा हो या नव्या गाड्यांचे," काका वस्तरा पुसत म्हणतात. "माझा धंदाच चेहऱ्यांचा. पूर्वीच्या गाड्यांचे दिवे गोल असायचे. सकाळी बघितलं तर बरं वाटायचं, कुणीतरी आपल्याकडे बघून हसतंय असं. आताच्या सगळ्या भुवया चढवून उभ्या. आणि समोरची ती जाळी! केवढी ती? अर्धं तोंड मिशीतच. मी अशी मिशी कुणाला ठेवूच दिली नसती."

समोरचा फेसातून "हं" म्हणतो.

"रंग बघा. पांढरी, करडी, काळी. पुन्हा पांढरी. पूर्वी मोरपिशी गाडी असायची, मोहरीच्या रंगाची असायची. आता सिग्नल लागला की वाटतं मीटिंग भरलीय. आणि उंची! जो तो उंच बसायला बघतोय. का? तर म्हणे पुढचं दिसतं. अरे, पुढचाही उंच झाला, आता काय दिसणार? मागची काच तर एवढीशी केली. आधी खिडकी लहान केली आणि मग कॅमेरा विकला. ह्याला म्हणतात डोकं."

एसीचं बटण काढून तिथे टीव्ही बसवणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. रस्त्यावरची नजर काढून पडद्यावर बोट शोधत फिरवायचं, आणि खड्डा आला की थंड हवेऐवजी गाणं लागायचं. पण माणूस अगदीच एकांगी नाही. आताचे ब्रेक, एअरबॅगा, मागच्या सीटलाही पट्टे, याबद्दल ते मनापासून हात जोडतात. "पूर्वीच्या गाड्या देखण्या होत्या," ते कबूल करतात, "पण आपटल्यावर माणसाला वाचवायची अक्कल नव्हती त्यांना." एवढं बोलून झाल्यावर पुन्हा बटणांवर येतात.

आणि गंमत अशी की या सगळ्या भडिमारात गिऱ्हाईक झोपी जातं. खुर्ची मागे कललेली, गालावर गरम टॉवेल, आवाज एका लयीत चाललेला. मान हळूच बाजूला कलते. काकांना याचा राग येत नाही, उलट अभिमान वाटतो. गळ्यावर उघडा वस्तरा फिरत असताना माणूस घोरतो, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कारागिराला कुठलं मिळायचं? त्या वेळी ते बोलणं थांबवतात आणि हात आणखी हलका करतात. जागं झालेलं गिऱ्हाईक हमखास आधी स्वतःच्या गालावरून हात फिरवतं. मग काका आरशातून विचारतात, "कुठे लागलं नाही ना?" उत्तर त्यांना माहीत असतं. पण विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

स्वतः काका मात्र दुसऱ्याच्या गाडीत आजवर डोळा मिटून बसलेले नाहीत. मुळात दुसऱ्याच्या गाडीत ते बसतच नाहीत. त्यांची स्वतःची गाडी लग्नानंतर दोन-चार वर्षांत घेतलेली, हिरवी, चौकोनी, हाताने काच खाली करायची. तिचा क्लच कुठे धरतो, थंडीत तिला किती वेळ द्यायचा, हे त्यांना पाठ आहे. त्या गाडीचं नाव काकूंनी पहिल्यापासून सवत असं ठेवलेलं आहे, पण प्रेमानं.

काकू एका तपासणी केंद्रात रक्त घ्यायचं काम करत. मोठा हलका हात. रडणारं पोर सुई कधी टोचली ते विचारत बसायचं. काकू बोलत कमी, पण बोलल्या की वाक्य संपलं, त्यापुढे पूर्णविराम. हिरवी गाडी नवी असताना काकांनी त्यांना मैदानावर नेऊन गाडी शिकवायचा प्रयोग केला होता. "हाफ क्लच! अगं, हाफ क्लच! सोड... नको सोडू... हाफ म्हणजे हाफ!" असा आरडाओरडा सगळ्या मैदानानं ऐकला. क्रिकेट खेळणारी मुलं खेळ सोडून बघत बसली. गाडीनं तिसरा की चौथा गचका खाल्ला तेव्हा काकूंनी शांतपणे इंजिन बंद केलं, किल्ली काढून काकांच्या तळहातावर ठेवली आणि चालत घरी गेल्या. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. घरात मात्र तो शब्द राहिला. काका कशावरून तापले की काकू म्हणत, "हाफ क्लच."

हे सगळं असंच सुखानं चाललं असतं, पण काकूंच्या ताईचे डोळे अधू व्हायला लागले. ताई डोंगरापलीकडच्या गावात एकटी राहायची, गाडीनं दोन-अडीच तासांवर. डोळ्यांचे डॉक्टर तिथल्या दवाखान्यात फक्त गुरुवारी येत, आणि औषध डोळ्यात टोचून घेतल्यावर तिला एकटीनं घरी परतता येत नसे. काकू निवृत्त झाल्या होत्या, वेळच वेळ होता. पण काकांच्या सलूनला सुट्टी सोमवारची. बस डोंगराखालीच सोडायची आणि पुढचा चढ काकूंच्या डाव्या गुडघ्याला झेपत नव्हता, त्याचं ऑपरेशन झालेलं. सोमवार आणि गुरुवार यांची गाठ काही पडेना. ताईचे दोन गुरुवार चुकले. तिसऱ्या वेळी ताई फोनवर म्हणाली, "राहू दे गं, मला अंदाजानं सगळं सापडतं." काकूंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "मी गाडी घेतेय. लहानशी, विजेवरची. तिला क्लच नसतो, डाव्या पायाला कामच नसतं."

काकांचा घास हातात राहिला. "विजेवरची? अगं, ती गाडी नाही, मिक्सर आहे! आवाज नाही, गिअर नाही, काही नाही. ती चालू आहे की बंद, हे दुसऱ्याला विचारावं लागतं. आणि चालवणार कोण?"

"ते मी बघते. तुम्ही फक्त डिकी बघायला या."

डिकी बघायला बोलावल्यावर नाही म्हणणं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

शोरूममध्ये सगळं पांढरं, चकचकीत, दवाखान्यासारखं. तिथल्या मुलीनं हसून स्वागत केलं आणि गाडीची माहिती सांगायला तोंड उघडलं, तोवर काका मागे पोचले होते. कार्पेट उचललं. खाली एक छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली.

"स्टेपनी कुठाय?"

"सर, यात स्टेपनी येत नाही. पंक्चर किट येतं."

काकांनी काकूंकडे असं बघितलं की जणू नवऱ्या मुलाला पायच नाहीत असं त्यांना आता कळलंय. "ऐकलंस?" ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "ऐकलं. पंप छान आहे." मुलीनं प्रसंग ओळखून विचारलं, "ट्रायल कोण घेणार?" काका म्हणाले, "मीच. दुसरं कोण?" आणि कोट झटकून स्टिअरिंगमागे बसले. मुलगी शेजारी, काकू मागे.

सुरुवात झकास झाली. गाडी आवाज न करता शोरूमच्या फाटकातून निघाली, तेव्हा काकांच्या भुवया जरा वर गेल्या, हे काकूंनी मागच्या आरशात पाहिलं. वेग असा आला की हाताने ढकलल्यासारखा. "हं, ओढ आहे," काका नाइलाजानं म्हणाले. पुढे वळण आलं. आता तीस-पस्तीस वर्षं वळण आलं की माणसाचा डावा पाय जे करतो, तेच काकांच्या डाव्या पायानं केलं. गिअर खाली टाकायचा म्हणून तो पूर्ण जोरानिशी क्लचवर गेला. तिथे क्लच नव्हता. तिथे ऐसपैस ब्रेक होता.

गाडी जागच्या जागी खिळली. मुलीच्या हातातला टॅब उडून काचेवर आपटला. पट्ट्यांनी तिघांनाही धरून ठेवलं, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, आणि गाडीनं आपला लाल त्रिकोण लावून टूं टूं सुरू केलं. काका स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. कान लाल झाले होते.

मागून काकूंचा शांत आवाज आला, "अहो, हाफ क्लच."

काकांच्या पोटातून हसू सुटलं. इतकं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि शोरूमच्या मुलीला काही न कळताही ती हसायला लागली. काका खाली उतरले, रिक्षावाल्याला हात जोडले आणि म्हणाले, "माझा डावा पाय म्हातारा झालाय. त्याला कुणी कळवलंच नाही."

"आता मी," काकू म्हणाल्या.

"तू? अगं, तुझ्याकडे लायसन्स..."

काकूंनी पर्समधून एक कोरं करकरीत लायसन्स काढलं आणि मुलीला दिलं. ताईचा पहिला गुरुवार चुकला तेव्हाच नाव घालून, चौकापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांकडे महिनाभर, ऑटोमॅटिक गाडीवर, दुपारी काका दुकानात असताना शिकून घेतलं होतं त्यांनी. आता हे मास्तर म्हणजे काकांचं दर आठवड्याचं गिऱ्हाईक! त्याच खुर्चीत बसून त्यांनी ऑटोमॅटिक गाड्यांवरची अख्खी व्याख्यानं ऐकली होती आणि ताकास तूर लागू दिला नव्हता. पुढच्या दाढीला काकांनी त्यांना खडसावून विचारलं. मास्तर म्हणाले, "सांगणार कधी? तोंडाला फेस असतो." आणि मग पुढे म्हणाले, "बाई उत्तम चालवतात. रस्त्याची भीती नाही त्यांना. एकाच गोष्टीची आहे, तुम्ही शेजारी बसण्याची."

हे मात्र काकांना लागलं. त्या दिवशी पुढच्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी गाड्यांबद्दल अवाक्षर ऐकवलं नाही. ती माणसं बिचारी जागीच राहिली.

गाडी आली. चंदेरी, लहानशी. काका दिसेल त्याला सांगत, "करडी नाही, चंदेरी आहे." पहिल्या सोमवारी काकूंनी जाहीर केलं, "आज ताईकडे मी नेते. तुम्ही शेजारी असताना मला चालवता आली, तर गुरुवारी एकटी जाईन. नाही जमलं तर गाडी विकून टाकू, आणि ताईचं काय करायचं ते दुसरं बघू. अट एकच. तोंड उघडायचं नाही."

काकांनी पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले. मैदानावरच्या त्या प्रयोगानंतर पहिल्यांदाच ते त्या बाजूला बसले होते. त्यांना चांगलंच ठाऊक होतं की आपण एकदा ओरडलो, तर ही गाडी थांबवून उतरेल. पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. आणि या वेळी तळहातावर ठेवायला किल्लीसुद्धा नाही, नुसतं बटण.

शहरातून बाहेर पडेपर्यंत त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. समोर ट्रक आला की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीत ब्रेक शोधे. पायाखालची चटई दाबून दाबून पार पुढे गोळा झाली. काकू लेन बदलायच्या आधी आरशात बघत, मग मान वळवून बघत, मग हळूच बाजूला येत. "उशीर लावतेस" हे शब्द काकांच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी ते गिळले. गाडीच मध्येच टूं करून लेन सुटल्याचं सांगत होती. तेवढंच काकांना बरं वाटलं, ओरडायला दुसरं कुणीतरी होतं. काकू त्या टूंकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. पट्टी ओलांडली असेल तर हळूच परत येत होत्या, तशाच शांतपणे.

डोंगर सुरू झाला. चढावर एक ट्रक मध्येच थांबला होता आणि त्याच्या मागे काकूंना थांबावं लागलं. हा उभा चढ, मागे गाड्यांची रांग. काकांच्या हिरव्या गाडीत असं थांबलं की क्लच, ब्रेक आणि हँडब्रेक यांची कसरत व्हायची, मागे घसरायची भीती, घाम फुटायचा. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. ट्रक हलला, काकूंनी ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी एक बोटभरही मागे न जाता पुढे निघाली. काकूंचा हात स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर नुसता पडला होता, आरामात.

ज्या चढावर आपण वर्षानुवर्षं मर्दुमकी गाजवली तो चढ या बाईनं गुडघ्यावर हात ठेवून पार केला, हे बघून काकांना आधी किंचित वाईट वाटलं. मग फार छान वाटलं. त्यांना तिचं कौतुक सांगायचं होतं, पण तोंड उघडायची परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. या रस्त्यानं ते शेकडो वेळा गेले असतील, पण त्यांनी कधी रस्त्याखेरीज काही पाहिलं नव्हतं. खाली एक तळं होतं. तळ्याकाठी कुणीतरी दोरीवर चादरी वाळत घालत होतं. हे तळं इथे केव्हापासून आहे, असं काकूंना विचारावंसं वाटलं. वळणं येत होती आणि जात होती, गाडी एका लयीत चालली होती, कुठे धक्का नाही, गचका नाही. चटईवरचा उजवा पाय कधी सैल झाला, ते काकांनाही कळलं नाही.

त्यांना जाग आली तेव्हा सगळं स्तब्ध होतं. समोर ताईचं अंगण, पायरी, पायरीवर कुंड्या. ताई दारात हात कपाळावर धरून गाडीचा रंग ओळखायचा प्रयत्न करत होती. काकू स्टिअरिंगवर हात ठेवून तशाच बसून होत्या, उतरल्या नव्हत्या. येऊन किती वेळ झाला होता कोण जाणे.

"पोचलो?" काका म्हणाले.

"मघाच. घोरत होतात."

"छे! मी डोळे मिटून इंजिन ऐकत होतो."

"कुठलं इंजिन?" काकू म्हणाल्या.

काका सीटवर सरळ झाले, आणि झोपेतून उठलेल्या माणसाच्या सवयीनं त्यांचा हात आपसूक स्वतःच्या गालावरून फिरला.

काकूंनी ते पाहिलं. पट्टा सोडता सोडता त्यांनी आरशातून विचारलं, "कुठे लागलं नाही ना?"